पाण्यावर लावलेलं इंजिन

माझा बाप मला ओळखायचा, पण जीपमधून उतरलो तरच. पायी आलो किंवा मोटरसायकलवर आलो, की मी परका. कधी वीजबिलवाला, कधी कंपाउंडर, एकदा तर जमीन मोजायला आलेला पटवारी. हात जोडून म्हणायचे, "बसा साहेब. पोरगा बाहेर गेला आहे, येतेच आता." आणि मी, तोच पोरगा, त्यांच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून निमूट चहा प्यायचो.

आजाराला डॉक्टरांनी इंग्रजी नाव दिलं होतं. आम्ही घरात नुसतं 'बाबांचं विसरणं' म्हणायचो. आई गेली त्या वर्षी ते सुरू झालं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली. मग आई गेल्याचंच ते विसरले आणि "कमला कुठी आहे?" असं दिवसातून दहा वेळा विचारू लागले. मग माझी बायको मंजुषा त्यांच्यासाठी दवाखान्यातली नर्स झाली. सगळ्यात शेवटी मी गेलो. पण पूर्ण गेलो नव्हतो, कारण जीप होती.

ही जीप बाबांनीच चाळीसेक वर्षांपूर्वी जंगल खात्याच्या लिलावात घेतली होती. चारही चाकांना ताकद, खाली दणकट सांगाडा, वर फाटकी ताडपत्री. तेंदूपत्त्याच्या हंगामात ते तिच्यात पत्त्याची पोती भरून अशा नाल्यांतून वर काढायचे, की सोबत बसलेला मुन्शी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचा. मला गाडी त्यांनीच शिकवली, शिव्या घालत. मी पुढे मास्तर झालो. लालबर्रा रस्त्यावरच्या एका गावात गणित शिकवतो, मोटरसायकलने जातो-येतो. जीप बालाघाटला घरी उभी असायची.

बाबा जीपवरून मला ओळखतात हे कळल्यापासून आमच्या घराचा एक रिवाज झाला. रेल्वे फाटकाजवळ गेंदलाल मिस्त्रीचं गॅरेज आहे, तिथे मी जीप ठेवू लागलो. शाळेतून आलो की मोटरसायकल तिथे लावायची, जीपमध्ये बसायचं आणि फाटकापासून घरापर्यंत चारशे मीटर जीपने जायचं. लोक हसायचे. "गुरुजी, चारशे मीटरसाठी जीप? मोठे मानूस झाले बाप्पा!" हसू देत. हसणाऱ्याचे दात दिसतात, माझं काय जातं!

कारण घरासमोर जीप थांबण्याआधीच बाबा छपरीतल्या खाटेवर उठून बसलेले असायचे. दुपट्ट्याने तोंड पुसून आत हाक मारायचे, "कमले, पोरगा आला. ताट वाढ." मी उतरलो की म्हणायचे, "आला का रे मोहित? उशीर केला आज." दिवसभरात माझं नाव तेवढंच एकदा. मग ते माझ्या हातून जेवायचे, गोळ्या घ्यायचे आणि माझं मनगट धरून झोपी जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा साहेब.

तो संध्याकाळचा दीड तास माझा होता. त्यासाठी मी दिवस काढत होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पण इंजिन म्हातारं झालं होतं. चारातला एक सिलिंडर केव्हाचा कमजोर. तीन ठोके नीट मारायचं आणि चौथा गिळायचं. धूर असा सोडायचं, की मागचा सायकलवाला शिव्या देत गल्ली बदलायचा. सकाळी गार असलं की धक्का दिल्याशिवाय जागं व्हायचं नाही. होळीच्या आसपास एका संध्याकाळी ते सुरूच झालं नाही. गेंदलालने, मी आणि पानठेल्यावरच्या दोघांनी तासभर ढकललं, तरी नाही. शेवटी पायी घरी गेलो. बाबा म्हणाले, "बसा साहेब," आणि त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी गेंदलालसमोर जाऊन उभा राहिलो. गेंदलाल बाबांच्या वेळेपासूनचा मिस्त्री. इंजिनाला कान लावून आजार सांगणारा.

"गुरुजी, सच बोलू का? रोडसाठी हे इंजिन मेलं," तो म्हणाला. "चढावर ओढत नाही, पानी पिते, तेल पिते. एक दिवस असं बसन का उठनारच नाही."

"मग?"

"दुसरं टाकू. नागपूरच्या कबाडीत चालू इंजिन भेटते, नव्या गाडीचं. गिअरबॉक्सशी जोडाले प्लेट बनवतो, फाउंडेशन नवं वेल्ड करतो. चार दिवस द्या. मंग दहा वरस पाहू नका."

मला दहा वर्षं नको होती, रोजचा दीड तास हवा होता. जीप रोज न चुकता सुरू झाली पाहिजे, एवढंच माझं मागणं. मी लगेच हो म्हटलं. मंजुषा बाबांना मामाजी म्हणते. तिने घरी विचारलं, "मामाजीले विचारू का एकदा?" मी खेकसलो, "त्यांना काय विचारायचं? त्यांना मी कोण हेच माहीत नाही!" ती गप्प बसली. ती गप्प बसली की माझं काहीतरी चुकलेलं असतं, हे मला वीस वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं.

आता जुन्या इंजिनाचं. आमच्या भागात थकलेलं इंजिन भंगारात देत नाहीत. ते पाण्यावर लावतात. विहिरीवर, नदीवर, नाहीतर नाल्यावर पंपाला जोडतात. रस्त्याला जोर लागतो, पाण्याला नुसता धीर, असं बाबाच सांगायचे. "ज्यानं आपल्याले नाल्यातून काढलं, त्याले कापाले देऊ नये. त्याले पाण्यावर बसवावं, म्हातारपन सुखात जाते." त्यांच्या हाताखालून गेलेली तीन इंजिनं अशी वेगवेगळ्या गावांत पाणी काढत होती. मग हे चौथं मी कसं विकणार? नदीकाठी उन्हाळी धान लावणारा खैरलांजीकडचा झनकलाल, बाबांचा जुना ओळखीचा, त्याला मी फोन केला. "ने बाबा," म्हटलं, "फुकट ने, पण पाण्यावर लाव." मला फार बरं वाटलं. बाप काही विसरला असेल, पण मुलगा बापाचा नियम विसरला नाही, असं मी स्वतःलाच सांगत होतो. स्वतःची पाठ थोपटायला स्वतःचा हात कसाही वळतो.

शनिवारी इंजिन उतरवलं. गेंदलालने लोखंडी गर्डरला चेन पुली टांगली, बोल्ट सोडले आणि साखळी खडखडत ओढली. जीपच्या पोटातून ते काळं तेलकट धूड हळूहळू वर आलं. मी त्यावर हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. झनकलाल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धानाची तणस अंथरून आला होता. सायलेन्सरसकट इंजिन त्याने तणशीवर निजवलं आणि बाबांचं नाव घेत, हात जोडून म्हणाला, "प्रेमलालभाऊची निशानी आहे. पोटच्या पोरावानी पाहीन." ट्रॉली फाटक ओलांडून गेली. मी खुशाल चहा प्यायला वळलो.

चार दिवस बाबांनी मंजुषाच्या हातून दोन-दोन घास खाल्ले. "पोरगा आला नाही?" विचारत राहिले. मी समोरच्या खुर्चीवर बसून मनात म्हणत होतो, चारच दिवस बाबा, फक्त चार दिवस.

बुधवारी संध्याकाळी जीप तयार झाली. चावी फिरवली आणि एका दमात सुरू! धूर नाही, खडखड नाही, नुसती मऊ गुरगुर. गेंदलालच्या तोंडावर लग्नाच्या वरबापाचं हसू होतं. मी फाटकापासून निघालो. मन एवढं भरून आलं होतं, की घर येईस्तोवर तीनदा हॉर्न वाजवला.

बाबा उठले नाहीत.

दारात मंजुषा उभी होती. तिचा चेहरा पडलेला होता, तरी मी उडी मारून उतरलो आणि म्हणालो, "बाबा, मी आलो. मोहित."

त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली. "बसा साहेब. पोरगा बाहेर गेला आहे, येतेच आता."

"बाबा, जीप आणली ना. ही पाहा, आपली जीप."

"बरी आहे गाडी," ते सभ्यपणे म्हणाले. "सरकारी होय का?"

मग माझं डोकं फिरलं. ते मी लपवत नाही. चार दिवसांचा, तीन वर्षांचा, सगळा राग एकदम उसळला. मी त्यांना दंडाला धरून उठवलं, अंगणात आणलं आणि त्यांचा हात बॉनेटवर आपटला. "ही जीप! तुमची जीप! आणि हा मी, मोहित! मोहित! ऐकू येतं का?" बॉनेट तापलेलं होतं. त्यांनी हात ओढून घेतला, छातीशी धरला. माझा बाप माझ्यापुढे वाकला. म्हणाला, "साहेब, मारू नका. माहा पोरगा आला का त्याच्याशी बोला. तो येईन आता. तो पाहून घेईन."

माझ्यापासून वाचवायला ते मलाच बोलावत होते.

मंजुषाने त्यांना माझ्या हातातून सोडवून घेतलं. "तुमी बाहेर व्हा," ती मला म्हणाली. मी झालो. फाटकाजवळच्या नालीच्या कठड्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. ज्या हाताने बाबांनी मला स्टिअरिंग धरायला शिकवलं, तो हात मी भाजला होता.

रात्री बाबा झोपल्यावर मंजुषा माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "एक सांगू? मामाजीच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, तुमाले माहीत आहे. डॉक्टर ऑपरेशन नको म्हनते. त्याहिले तुमचं तोंड दिसत नाही, तर जीप कुठून दिसन? त्याहिले आवाज समजत होता. गाडी फाटकावर असतानाच उठून बसत होते का नाही?"

मी गणिताचा मास्तर. पोरांना सांगतो, दिलेलं काय आहे ते आधी नीट वाचा. बाबा जीप दिसण्याआधी उठायचे, हे रोज माझ्या नाकासमोर घडत होतं, आणि मला ते वाचता आलं नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मग जे जे सुचेल ते केलं. गेंदलालने नव्या इंजिनाचा सायलेन्सर सैल केला. एका सिलिंडरचं डिझेल तोडून ठोका चुकवून पाहिला. आवाज मोठा झाला, वेडावाकडा झाला, जुना झाला नाही. दसऱ्याच्या पूजेचा जीपचा व्हिडिओ मंजुषाच्या फोनमध्ये होता. मी अधाशासारखा तो लावला. त्यावर तिने देवीचं गाणं चढवलेलं. गाण्याखाली इंजिन कुठे ऐकूच येईना. ती म्हणाली, "मले काय माहीत होतं!" आणि तिला रडू फुटलं.

शेवटी झनकलालला फोन केला. "इंजिन परत दे," म्हटलं. तो म्हणाला, "गुरुजी, पंपाची पुली बसवाले मांगचा भाग कापला, जिथी गिअरबॉक्स जुडते. खाली सिमेंट भरलं. आता ते गाडीत जानार नाही. मले एक शब्द बोलले असते तर तसंच ठेवलं असतं." खरं होतं त्याचं. एक शब्द मी कुणालाच बोललो नव्हतो. इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात आठ दिवस पडू दिलं असतं, तरी सगळं वाचलं असतं.

"चालते का?" मी विचारलं.

"चालते ना! सकाळी एकदा उठलं का संध्याकाळलोक बंद पडत नाही. तसंच, तीन ठोके अन् एक उपास."

बाबांचं जेवण आता चार-पाच घासांवर आलं होतं. रविवारी मी त्यांना जीपमध्ये बसवलं. साहेब आपल्याला दवाखान्यात नेत आहेत अशा समजुतीने ते मुकाट्याने बसले. हाताला मंजुषाने मलम लावून पट्टी बांधली होती. रस्ताभर माझ्या मनात एकच बेत होता. नदीकाठी बाबांना दूर बसवायचं. इंजिन सुरू करायला सांगायचं. मग त्या आवाजाच्या दिशेने चालत यायचं, जीपमधून उतरून यावं तसं. एकदा, फक्त एकदा, "आला का रे मोहित," ऐकायचं. मग पुढचं पुढे.

झनकलालने बांधाजवळ मोहाच्या सावलीत खाट टाकून ठेवली होती. इंजिन तिथून दोनशे पावलांवर, नदीच्या दरडीवर, चार टिनांच्या छपराखाली. मधे सगळं धान, निसवलेलं. मी बाबांना खाटेवर बसवलं आणि बांधावरून इंजिनाकडे गेलो. रेडिएटर नव्हता. नदीचंच पाणी एका नळीने इंजिनाच्या अंगातून फिरत होतं. झनकलालने त्याला पिवळा झेंडू वाहिलेला.

"कर सुरू," मी म्हणालो.

ते खोकललं, धूर फेकला आणि लागलं. तीन ठोके, एक उपास. माझ्या अंगावर काटा आला. मी वळून पाहिलं. दूर खाटेवर बाबा उठून उभे राहिले होते. दुपट्ट्याने तोंड पुसत होते.

मी धावत सुटलो. पन्नाशीला टेकलेला माणूस, बांधावरून, चिखल उडवत, लहानपणी धावलो नसेन तसा. जवळ आलो तेव्हा त्यांचे शब्द कानावर पडले. "कमले, ताट वाढ, पोरगा आला." कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू होतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो, श्वास लागलेला. "बाबा!"

त्यांनी मला हाताने बाजूला सारलं. "सरका भाऊ, रस्त्यात उभे राहू नका. पोराची गाडी येऊन राह्यली."

मी सरकलो.

ते माझ्यामागे पाहत उभे राहिले. आवाज येत होता, तिथूनच. ना जवळ येत होता, ना दूर जात होता. थोड्या वेळाने त्यांचं हसू मावळलं. "काहून उशीर लागून राह्यला त्याले?" ते पुटपुटले. मग एकदम काळजीने म्हणाले, "फसली असन गाडी. नाल्यात फसली. कितीकदा सांगतलं त्याले, आधी उतरून पानी पाह्यत जा." त्यांनी चाचपडत माझा हात धरला, पट्टीवाल्या हाताने. "भाऊ, तुमी जा ना. जरा धक्का द्या त्याले. एकटा आहे तो."

मी गेलो. दुसरं काय करणार होतो? दोनशे पावलं परत चालत गेलो आणि त्या इंजिनाजवळ उभा राहिलो. झनकलालने विचारलं, "बंद करू का?" मी मानेनेच नको म्हटलं. बंद केलं असतं तर बाबांचा पोरगा कुठे गेला असता? मी तोंडावर नदीचं पाणी मारलं आणि परत आलो.

"भेटला का?" माझी पावलं ऐकून त्यांनी विचारलं.

"भेटला."

"बरा आहे?"

"हौ. येतो म्हणाला."

"चिडला नाही ना तुमच्यावर?" ते खाटेवर बसले, मला जागा करून दिली. "त्याचं मनावर घेऊ नका. चिडका आहे थोडा. पन लय चांगला आहे माहा पोरगा. मले हातानं जेवू घालते."

मी त्यांच्या हातावरची सरकलेली पट्टी नीट बसवली.

"बसा," ते म्हणाले. "तो आला का संगच जेवू."

मंजुषाने बांधून दिलेला डबा मी आमच्या दोघांमध्ये ठेवला. ते मान तिरपी करून ऐकत होते. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि त्यांच्यासोबत माझी वाट पाहू लागलो.